प्रत्यारोपित हृदय: नाडी १०४, दुखत काहीच नाही, आणि अण्णा अँजिओग्राफीला तयार नाहीत

गोडीछाटणी | १२ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. पाल्हाळ झालं तर सांभाळून घ्या.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणतो, वय ५६, मूळ निफाड तालुक्यातले द्राक्षबागायतदार. डायलेटेड कार्डिओमायोपॅथीने हृदय फुगत गेलं, पंपिंग १५ टक्क्यांवर आलं आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबईत हृदय प्रत्यारोपण झालं. तेव्हापासून आम्ही नाशकात इंदिरानगरला राहतो, बाग काका बघतात. अण्णा ठणठणीत आहेत. रोज जॉगिंग ट्रॅक, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पांडवलेणी.

दिवाळीत मी हौसेने त्यांना स्मार्ट घड्याळ घेतलं आणि घरातली शांतता गेली. सोफ्यावर बसून बातम्या बघताना नाडी ९८, १०२, १०४. १०० च्या वर गेली की घड्याळ थरथरतं आणि आई देवापुढे जाऊन बसते. झोपेतही ९० च्या खाली क्वचितच. माझी स्वतःची ६८.

दुसरं प्रकरण मोठं आहे. दरवर्षीची अँजिओग्राफी डिसेंबरात व्हायला हवी होती. अण्णांनी यंदा साफ नाही म्हटलं. "छातीत कधी कळ आली? दम लागला? मग दर साली मनगटात नळी कशाला घालून घेऊ?" मागचे तिन्ही रिपोर्ट स्वच्छ आले, त्यामुळे त्यांना आणखीच जोर.

नाडी अशी कायम पळत राहिली तर नवीन हृदयाच्या रक्तवाहिन्या लवकर खराब होतात का? आणि काही दुखत नसताना अँजिओग्राफीसाठी मागे लागावं का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

---

आजीचा_बटवा | १२ जानेवारी, रात्री ११:१५

नाडी जलद म्हणजे अंगात उष्णता. सब्जा, गुलकंद सुरू करा. अर्जुनाची साल दुधात उकळून हृदयाला उत्तम. आणि गुळवेलीचा काढा, प्रतिकारशक्ती वाढते. आमच्याकडे लॉकडाऊनपासून रोज असतो.

---

उसनं_काळीज | १३ जानेवारी, सकाळी ६:५०

बटवाताई, राग मानू नका, पण गुळवेलीचं नाव या धाग्यात पुन्हा काढू नका. आमची प्रतिकारशक्ती वाढवायची नसते हो! ती दाबून ठेवायला आम्ही रोज बारा-बारा तासांनी गोळ्या घेतो. ती वाढली की पहिला हल्ला या पाहुण्या हृदयावरच. सब्जा प्या खुशाल.

गोडीछाटणी, मी नाशिकरोडची. माझं हृदय बदलून नऊ वर्षं झाली. माझी बसल्या जागची नाडी पहिल्या वर्षी १०५ होती, आता ९२ च्या आसपास असते. पहिल्या वर्षी मीही घाबरले होते. मग आमच्या सरांनी सांगितलं की हृदय नवीन बसवलं, पण त्याच्या वायरी जोडलेल्या नाहीत. रक्तवाहिन्या शिवतात, नसा शिवत नाहीत.

एक गंमत सांगते. मागे दसक गावाकडे फिरायला गेले होते, अंगावर कुत्रं धावून आलं. मी घाबरले, ओरडले, कुत्रं पळालं, मी एका ओट्यावर बसले. आणि सगळं शांत झाल्यावर, दोनेक मिनिटांनी, छाती धडधडायला लागली! आधी मन घाबरतं, हृदयाला बातमी मागाहून पोचते. पुढे दहा मिनिटं ते एकटंच घाबरत बसलं होतं.

अँजिओग्राफीबद्दल दुपारी लिहिते, आता टॅक्रोलिमसची (प्रतिकारशक्ती दाबायची गोळी) रक्तातली लेव्हल तपासायला जायचंय. रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यावं लागतं, उशीर झाला की सगळं गणित चुकतं.

---

नाडीपरीक्षक | १३ जानेवारी, दुपारी २:२०

मी नाशकात हृदयरोगतज्ज्ञ आहे. प्रत्यारोपण करणारा नाही, पण असे तीन-चार रुग्ण मधल्या तपासण्यांना माझ्याकडे येतात. औषधांचा निर्णय तुमच्या मुंबईच्या टीमचा, हे आधीच सांगतो.

उसनं_काळीज ताईंनी वायरीचं सांगितलं ते अगदी बरोबर. जरा खोलात जातो.

हृदयाची उपजत चाल तरुणपणी मिनिटाला शंभराच्या आसपास असते. व्हेगस नावाची नस कासरा ओढून धरते, म्हणून तुम्ही-आम्ही ७० वर चालतो. प्रत्यारोपणात हा कासरा कापला जातो. मग बैल आपल्या मूळ चालीने चालतो, ९० ते ११०. म्हणजे अण्णांचे १०४ हा बिघाड नव्हे, त्या हृदयाचा तो नेहमीचा आकडा आहे.

जोर वाढवणाऱ्या नसाही कापलेल्या असतात. म्हणून व्यायाम सुरू केल्याबरोबर नाडी चढत नाही. अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून निघालेलं अ‍ॅड्रिनॅलिन रक्तातून हृदयापर्यंत पोचावं लागतं, त्याला काही मिनिटं लागतात. थांबल्यावरही ती लगेच उतरत नाही. ताईंचं कुत्र्याचं उदाहरण मी आता विद्यार्थ्यांना सांगणार. अण्णांना सांगा, ट्रॅकवर पहिली पाच-दहा मिनिटं रमतगमत चाला, शेवटची पाच-दहाही तशीच. पांडवलेणीच्या पायऱ्या गाडीतून उतरल्या उतरल्या चढायला घेऊ नका. आणि श्रम मोजायला घड्याळातला आकडा धरू नका. चालताना सलग वाक्य बोलता येतंय ना, एवढं बघा. काही वर्षांत थोड्या नसा पुन्हा उगवतात, पण सगळ्यांच्या नाही आणि पूर्ण तर नाहीच.

आता मुख्य मुद्दा. दुखण्याची बातमी मेंदूला नेणाऱ्या नसाही त्याच कापलेल्या वायरींत असतात. माझ्या-तुमच्या हृदयाला रक्त कमी पडलं तर छातीत कळ येते, डावा हात दुखतो. अण्णांच्या हृदयाला कळ आली तरी ती सांगायला वाट नाही. "दुखत नाही म्हणून तपासणी नको" हे इतर कुणी म्हटलं तर निदान वाद घालता येईल. प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या बाबतीत दुखत नाही या वाक्याला काही किंमतच नाही.

---

कसारा_घाट | १३ जानेवारी, दुपारी ३:०५

'कासरा' वाचून मला दोनदा वाटलं माझ्याबद्दल चाललंय. 😀

डॉक्टर, एक अडाणी प्रश्न. हृदय तरुण दात्याचं असतं ना? मग त्याच्या वाहिन्यांत ब्लॉकेज कशाने?

---

पंचवटीकर | १३ जानेवारी, संध्याकाळी ७:३०

अडाणी कसला, हा प्रश्न प्रत्यारोपणाइतकाच जुना आहे. डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी ३ डिसेंबर १९६७ ला केपटाऊनला पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं, तो रुग्ण १८ दिवस जगला. दुसरे रुग्ण फिलिप ब्लायबर्ग, दंतवैद्य, शस्त्रक्रिया २ जानेवारी १९६८. ते एकोणीस महिने जगले, समुद्रात पोहतानाचे त्यांचे फोटो जगभर छापले गेले. दाता होता २४ वर्षांचा. आणि ब्लायबर्ग गेल्यावर शवविच्छेदन झालं तेव्हा त्या तरुण हृदयाच्या वाहिन्या चोंदलेल्या निघाल्या!

आपल्याकडे डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे बर्नार्डनंतर तीनच महिन्यांच्या आत, मुंबईच्या केईएममध्ये प्रत्यारोपण केलं होतं. रुग्ण काही तासांतच गेला. मग अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी भारतातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं. मधली सव्वीस वर्षं आपण काय करत होतो हा स्वतंत्र धाग्याचा विषय.

---

नाडीपरीक्षक | १३ जानेवारी, रात्री ९:५५

पंचवटीकर, ब्लायबर्गची आठवण काढलीत ते छान केलंत.

या आजाराला कार्डिअ‍ॅक अ‍ॅलोग्राफ्ट व्हॅस्क्युलोपॅथी म्हणतात, आम्ही बोलताना नुसतं सीएव्ही. शरीराला हे हृदय परकं वाटत राहतं. गोळ्यांनी मोठा हल्ला थांबतो, पण वाहिनीच्या आतल्या अस्तरावर धुसफूस चालूच राहते. त्यात कोलेस्टेरॉल, रक्तदाब, साखर, सीएमव्ही विषाणूचा संसर्ग, दात्याचं वय हे सगळं भर घालतं. अस्तर हळूहळू जाड होतं. नेहमीच्या ब्लॉकेजमध्ये एका जागी, बहुधा एका बाजूला गाठ धरते. इथे वाहिनी चोहोबाजूंनी आणि पार टोकापर्यंत अरुंद होत जाते. म्हणून स्टेंट, बायपास यांचा इथे फारसा जोर चालत नाही. किती जणांना? पाच वर्षांत साधारण तिघांतल्या एकाला, दहा वर्षांत जवळपास निम्म्यांना काही ना काही प्रमाणात दिसतो.

नाडीचं. सामान्य माणसांत विश्रांतीची नाडी कायम जास्त असली तर हृदयविकार जास्त दिसतो, हे अनेक अभ्यासांत आलंय. त्याला कारणही पटण्यासारखं आहे. कोरोनरी म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांत रक्त मुख्यतः हृदय सैल पडतं तेव्हा शिरतं, आणि ठोके जितके जलद तितका हा सैल पडण्याचा वेळ कमी. प्रत्यारोपित हृदयात मात्र नाडीवरून सीएव्ही सांगता येते का, याची उत्तरं सगळ्या अभ्यासांत सारखी नाहीत. ज्यांची नाडी सतत जास्त राहते त्यांचं आयुर्मान कमी दिसतं असं काही केंद्रांच्या नोंदींत आढळलं. पण जास्त नाडी हे कारण की आत चाललेल्या बिघाडाची नुसती खूण, हे मागच्या नोंदी चाळून ठरत नाही.

काही केंद्रं नाडी उतरवायला आयव्हाब्रॅडिन देतात. ते थेट हृदयातल्या घड्याळावर काम करतं, त्याला नसांची गरज नाही. बीटा ब्लॉकर दिलं तर हे हृदय ज्या अ‍ॅड्रिनॅलिनवर चालतं तेच अडतं आणि माणूस पायऱ्यांवर थकतो. नाडी उतरवणारं दुसरं औषध डिल्टियाझेम, ते टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढवतं, आणि आयव्हाब्रॅडिनसोबत तर चालतच नाही. हे सगळं लिहिलं ते केमिस्टकडून आणून घ्या म्हणून नव्हे, उलट का घेऊ नका ते कळावं म्हणून.

घड्याळ कामाचं आहे, पण अलर्ट १०० वरून काढा. अण्णांचा स्वतःचा आकडा कुठून कुठे गेला ते बघा. नेहमी ९८ असणारे दोन दिवस ११८ वर बसून राहिले तर ताप, जुलाब, रक्त कमी होणं, थायरॉईड, रिजेक्शन म्हणजे शरीराने हृदय नाकारणं, काहीही असू शकतं. एकदम ५५ झाली तर आनंद मानू नका, त्याच दिवशी फोन करा. दम लागणं, पायावर सूज, विनाकारण थकवा, चक्कर, ही या हृदयाची भाषा. छातीतल्या कळेची वाट बघू नका.

---

आजीचा_बटवा | १३ जानेवारी, रात्री १०:२०

गुळवेलीबद्दलचे शब्द मागे घेते. हे माहीत नव्हतं. माझ्या मावसदिराची किडनी बदललीय, त्यांनाही मीच सांगितलं होतं. आत्ताच फोन केला, नशिबाने त्यांनी ऐकलं नव्हतं.

---

उसनं_काळीज | १४ जानेवारी, सकाळी ७:१०

तिळगुळ घ्या मंडळी.

माझं सांगते. सहाव्या वर्षी मी अगदी अण्णांसारखीच होते. दुखत नाही, चालते, स्वयंपाक करते. लेकीच्या लग्नाच्या गडबडीत एक अँजिओग्राफी चुकवली. पुढच्या वर्षी केली तर सीएव्ही निघाली, ग्रेड २ म्हणजे मध्यम. मला काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं. फक्त ओट्यापाशी उभं राहून थकायला होत होतं, त्याचं खापर मी लग्नावर फोडलं. प्रतिकारशक्ती दाबायची एक गोळी, मायकोफेनोलेट, बंद करून त्याच कामाची एव्हरोलिमस दिली, कोलेस्टेरॉलचं स्टॅटिन वाढवलं. एव्हरोलिमसने तोंडात फोड येतात, पण तीन वर्षं आजार आहे तिथेच थांबलाय.

किडनीचं मात्र विचारून घ्या. टॅक्रोलिमसने आधीच तिच्यावर भार असतो, त्यात अँजिओग्राफीची डाय, म्हणजे वाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचतात ते औषध. माझं क्रिएटिनिन वाढलेलं होतं म्हणून आधी सलाईन लावलं आणि डाय मोजून वापरली. सीटी अँजिओ करू का विचारलं, तर म्हणाले तुमचं हृदय थांबतच नाही, फोटो हलतो!

आणि अण्णा द्राक्षवाले ना? या सीझनला बागेत राहायला जाऊ देऊ नका. फवारणी, धूळ, बुरशी, आपल्याला काहीच झेपत नाही.

---

गोडीछाटणी | १४ जानेवारी, रात्री ११:३०

सगळ्यांचे आभार. ताई, बागेचं लक्षात ठेवतो. खरं तर अण्णा द्राक्षाला हातही लावत नाहीत. डिस्चार्जच्या कागदावर 'ग्रेपफ्रूट वर्ज्य' लिहिलंय, त्या दिवसापासून आईने घरात द्राक्ष आणलेलं नाही. चार सीझन झाले. बाग आपली, आणि अण्णा पेटीला बाहेरून हात लावून माघारी येतात.

---

उसनं_काळीज | १५ जानेवारी, सकाळी ६:४०

अरे देवा!! अहो, ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे! ते संत्र्या-मोसंबीच्या कुळातलं मोठं फळ. आपल्याकडे त्याचा भाऊबंद म्हणजे पपनस, तेही खायचं नाही. त्यांच्यामुळे टॅक्रोलिमस रक्तात वाढतं. द्राक्षं चालतात! नीट धुऊन, मोजकी, साखर बघून.

चार वर्षं द्राक्ष नाही? निफाडच्या माणसाला? मला रडू येतंय.

---

पंचवटीकर | १५ जानेवारी, सकाळी ९:००

या धाग्यावर इतकी वर्षं येतोय ते आज सार्थकी लागलं.

---

कसारा_घाट | १५ जानेवारी, सकाळी ९:२०

धागा तीन दिवसांचा आहे हो.

---

नाडीपरीक्षक | १५ जानेवारी, दुपारी १:४५

ताई म्हणतात ते खरं आहे. गेल्या वर्षी साखर किती होती ते बघा, टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड दोन्ही साखर चढवतात. चूक तुमच्या आईची नाही. नाशिक जिल्ह्यात 'ग्रेपफ्रूट' इंग्रजीत लिहून हातात देणारे आम्ही.

आणखी एक. अण्णांच्या खिशात 'हृदय प्रत्यारोपण झालेलं आहे' असं ठळक लिहिलेलं कार्ड कायम ठेवा. गावाकडे काही झालं आणि नाडी कमी म्हणून कुणी अ‍ॅट्रोपिन दिलं, तर ते व्हेगसवर काम करतं, आणि व्हेगस इथे जोडलेलीच नाही, म्हणून उपयोग होत नाही. उलट अ‍ॅडिनोसिनचा नाडी उतरवण्यासाठीचा नेहमीचा डोस या हृदयावर फारच जोरात काम करतो.

---

गोडीछाटणी | २ फेब्रुवारी, रात्री १०:१५

अपडेट देतो.

डॉक्टरांचे प्रतिसाद अण्णांना वाचून दाखवले. "डॉक्टर लोक घाबरवायलाच असतात" म्हणाले. नसांचं ऐकून मान हलवली, पण नकार कायम. मग रविवारी बागेत गेलो होतो (ताई, मास्क लावून, बांधावरूनच), तिथे काका ठिबकच्या नळ्या धूत होते. मला एकदम सुचलं. म्हटलं, अण्णा, एखादा ड्रिपर बंद पडला तर काय करता? म्हणाले, टोचून मोकळा करायचा नाही तर बदलायचा. म्हटलं, तो तुमचा स्टेंट. आणि बोअरच्या पाण्याने सगळ्या लॅटरलला, म्हणजे ओळीने टाकलेल्या नळ्यांना, आतून क्षार धरला तर?

गप्प बसले. मग म्हणाले, "ते वरून दिसत नाही. झाड सुकेपर्यंत कळतच नाही. नळीची शेवटची टोपी काढून बघावं लागतं."

मी पुढे एक शब्द बोललो नाही. गाडीत नाशकातल्या द्वारकेच्या सिग्नलला स्वतःच म्हणाले, "तारीख घे."

---

आजीचा_बटवा | २ फेब्रुवारी, रात्री १०:४०

वा! लेक हुशार आहे.

---

गोडीछाटणी | २३ फेब्रुवारी, रात्री ९:०५

झाली. मनगटातूनच केली, दुसऱ्या दिवशी मुंबईहून कसारा घाट चढून परत आलो. किडनीचं आधीच विचारलं होतं, सलाईन लावलं. यंदा त्यांनी आतून अल्ट्रासाऊंडही केलं, आयव्हीयूएस म्हणतात ते. साध्या अँजिओग्राफीत वाहिनीची पोकळी दिसते, यात भिंतीची जाडी दिसते.

ग्रेड १. एका वाहिनीत सौम्य आणि भिंत थोडी जाड. म्हणजे मागच्या वर्षी स्वच्छ होतं, यंदा सुरुवात आहे. स्टॅटिन वाढवलंय, सहा आठवड्यांनी रिपोर्ट पाहून एव्हरोलिमसचं ठरवणार. नाडीला तूर्त काही नको म्हणाले, नोंद ठेवा फक्त.

अण्णांना वाईट वाटलं असावं. येताना इगतपुरीपर्यंत काही बोलले नाहीत.

---

उसनं_काळीज | २४ फेब्रुवारी, सकाळी ६:३०

ग्रेड १ वर सापडलं म्हणजे लवकर सापडलं. माझं २ वर सापडलं, तरी मी आज तुम्हाला टंकतेय. अण्णांना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा. नाशिकरोडला कधी आलात तर चहाला या, बिनसाखरेचा मिळेल.

---

गोडीछाटणी | ८ मार्च, रात्री ८:५०

ताई, वाचून दाखवलं. पुढच्या शनिवारी येतो म्हणाले.

काकांनी काल थॉमसन द्राक्षांची एक पेटी आणली. आईने तीनदा धुतली, डिशमध्ये बारा मणी मोजून ठेवले. अण्णांनी पहिला मणी खाल्ला आणि म्हणाले, "मण्यात साखर अजून उतरली नाही, आठ दिवस थांबायला पाहिजे होतं."

घड्याळ सध्या आईच्या हातात आहे. तिची नाडी ७२. अण्णा दर तासाला तिच्या मनगटात डोकावतात आणि म्हणतात, "फार मंद चाललंय तुझं, दाखवून ये एकदा."